ड्रोन आले म्हणून तोफगोळ्याचे दिवस भरले का? युक्रेन आणि आपला विदर्भ

संत्रानगरी_०७१२

राजेहो, एक वाद मिटवून द्या. आमच्यातला एक गट म्हणते की युक्रेनमध्ये आता मारणारा ड्रोनच, तोफ म्हातारी झाली. म्हणून आपल्याकडची साखळी, म्हणजे अंबाझरीला गोळ्याचं कवच, भंडाऱ्याला प्रोपेलंट (गोळा नळीतून ढकलणारी बारूद), चांद्याला भरणी आणि पुलगावला साठा, दहा वर्षांत भंगारात जाणार. दुसरा गट म्हणते, असं आहे तर अमेरिका महिन्याचे १४ हजार गोळे १ लाखावर न्यायला काऊन धडपडून राह्यली? युरोपने मार्च २०२४ पर्यंत दहा लाख गोळे द्यायचा शब्द दिला आणि मुदतीत निम्म्याच्या आसपासच दिले, त्यावर एवढी बोंब का झाली?

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ड्रोन गोळ्याची जागा घेतो का? गोळ्यांचं उत्पादन वाढवायला वर्षं का लागतात, शेवटी ते लोखंडाचं नळकांडंच ना? आणि हे धडे लडाखला चालतात का?

व्हिडिओच्या लिंका नकोत. आकडे द्या, आणि कुठे काय बिघडते ते सांगा.

लेथ_हिंगणा

दुसऱ्या प्रश्नापासून धरतो, कारण "लोखंडाचं नळकांडं" हाच सगळा घोळ आहे.

एम-१०७ जातीचा साधा १५५ मिमी गोळा सुमारे ४३ किलोचा. त्यात टीएनटी पावणेसात किलोच्या आसपास, बाकी पोलाद. बिलेट, म्हणजे पोलादाचा ठोकळा, ११००-१२०० अंशांपर्यंत लाल करून प्रेसखाली भोक पाडतात, ओढून लांब करतात, मग तोंडाकडून आवळून निमुळता करतात. पुढे उष्णतोपचार, टर्निंग आणि बुडाशी तांब्याचा पट्टा. हा पट्टा नळीच्या आट्यांत रुतून गोळ्याला फिरवतो. पूर्ण चार्जवर, म्हणजे प्रोपेलंटची पुरी मात्रा घातल्यावर, फेरे सेकंदाला दोनशेच्या वर जातात. भोक जरा तिरकं पडलं, एका बाजूची भिंत जाड राहिली, की गोळा हवेत डगमगतो आणि पल्ला कमी होतो. तरीही हे काम चांगला फोर्जिंगवाला सहा-आठ महिन्यांत शिकतो. अडचण पुढे आहे.

टीएनटी ८० अंशांना वितळतं. ते गोळ्यात ओततात आणि थंड होताना ते दहा टक्क्यांहून जास्त आकसतं. कडेचं आधी घट्ट झालं आणि मधलं मागून आकसलं की आत पोकळी राहते. तोफेत बार उडाला की गोळ्याला गुरुत्वाच्या दहा हजार पटींहून जास्त झटका बसतो. बुडाशी पोकळी असेल तर वरचं स्फोटक त्या झटक्याने खाली आपटतं, आणि गोळा नळीतच फुटू शकतो. मग तोफही गेली आणि तोफेवरची माणसंही. म्हणून गोळा खालून वर थंड होत जाईल अशी व्यवस्था करतात, वरच्या तोंडाचा माल शेवटपर्यंत पातळ ठेवतात, म्हणजे आकसलेली जागा तो भरत राहतो. नंतर एक्स-रे. हे थंड होणं कुणी साहेब आला म्हणून लवकर होत नाही.

आणि भरणीच्या इमारती एकमेकींपासून ठरलेल्या अंतरावर बांधाव्या लागतात. एका इमारतीत किती किलो स्फोटक ठेवायचं याची मर्यादा असते. साध्या कारखान्यात उत्पादन दुप्पट करायला दुसरी पाळी लावता येते. इथे ती मर्यादा गाठली की नवी इमारत, नवी जमीन, नवी मातीची भिंत. अमेरिकेने १९८६ नंतर स्वतःच्या देशात टीएनटी बनवणं बंदच केलं होतं, आणि नाटोच्या युरोपातला मोठा पुरवठादार म्हणजे पोलंडमधल्या बिडगॉश्चचा एक कारखाना. साखळीतली एक कडी अशी एकाच गावात अडकली की बाकीचे फोर्जिंगवाले हात चोळत बसतात.

फ्यूज, म्हणजे गोळा केव्हा फुटेल ते ठरवणारी कळ, हा वेगळाच विषय. जमिनीला टेकल्यावर फुटणारा स्वस्त, जमिनीच्या काही मीटर वर फुटणारा महाग, कारण त्यात छोटा रेडिओ आणि गोळा सुटल्यावरच जागी होणारी बॅटरी असते. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्सशी इलेक्ट्रॉनिक फ्यूजचा दहा वर्षांचा ५,३३६ कोटींचा करार केला. त्यात पुण्यासोबत नागपूरच्या होऊ घातलेल्या कारखान्याचंही नाव आहे. भंगारात जाणाऱ्या धंद्यावर कोणी दहा वर्षांचा करार करत नाही.

आता वाहतूक बघा. युक्रेन २०२३ च्या उन्हाळ्यात दिवसाला सहा-सात हजार गोळे टाकत होता. सहा हजार धरले तर नुसतं गोळ्याचं वजन २५८ टन. एका पॅलेटवर आठ गोळे, म्हणजे ७५० पॅलेट. प्रोपेलंट आणि फ्यूज वेगळ्या खोक्यांत, वेगळ्या गाडीत. दहा टनी ट्रक धरा, रोजचे तीसच्या वर. आणि नळीचं आयुष्य पूर्ण चार्जच्या दोन-अडीच हजार गोळ्यांचं. म्हणजे रोज अडीच-तीन नळ्या झिजून बाद. गोळ्यांच्या बातम्या सगळे वाचतात, नळ्यांच्या कोणी वाचत नाही.

कोराडी_कोळसा

सगळं खरं भाऊ, पण एफपीव्ही ड्रोन, म्हणजे कॅमेऱ्यातून बघत चालवायचा आणि लक्ष्यावर आदळवायचा, चारशे-पाचशे डॉलरला पडतो आणि गोळा युरोपात तीन-चार हजारांना. ड्रोन थेट टँकच्या झाकणात घुसतो. मग गोळा घ्यायचाच कशाला?

वाडीवाला

@कोराडी_कोळसा, तुमचा हिशोब पोचलेल्या ड्रोनचा आहे. न पोचलेले कोणी मोजायचे?

ब्रिटनच्या आरयूएसआय (RUSI) या संरक्षण-अभ्यास संस्थेच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालात दोन्ही आकडे शेजारी आहेत. रशियाच्या निकामी झालेल्या रणसामग्रीपैकी ६०-७० टक्के ड्रोनच्या खाती, आणि त्याच वेळी युक्रेनचे ६०-८० टक्के एफपीव्ही लक्ष्यापर्यंत पोचतच नाहीत. दोन्ही खरे. वादात प्रत्येक जण आपल्या सोयीचा एक उचलतो.

न पोचण्याची कारणं ऐका. साधा एफपीव्ही म्हणजे ७ किंवा १० इंची पंख्यांचा सांगाडा, चार मोटरी, लिथियम पॉलिमर बॅटरी, खाली आरपीजीचं (खांद्यावरून डागायच्या रॉकेटचं) स्फोटक मुंडकं दीड-दोन किलोचं. हुकूम जातो साधारण ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, चित्र येतं ५.८ गिगाहर्ट्झवर. समोरच्याने त्या पट्ट्यांत गोंगाट केला की स्क्रीनवर मुंग्या. जॅमर नसला तरी, ड्रोन शेवटच्या पन्नास मीटरला खाली उतरला की मधे झाड, घर, उंचवटा येतो आणि चित्र तुटतं, नेमकं धडक द्यायच्या क्षणी. म्हणून दुसरा ड्रोन उंचावर ठेवून त्याच्यामार्फत सिग्नल नेतात. थंडीत बॅटरी लवकर बसते. पाऊस, दाट धुकं, जोराचा वारा असला की कामच बंद. नोव्हेंबर २०२५ मध्ये पोकरोव्स्कच्या बाजूला रशियन तुकड्या धुक्याचा आडोसा घेऊन आत सरकल्या, ते याचमुळे.

जॅमरवर तोडगा म्हणून फायबरवाला ड्रोन आला. मागे रीळ, त्यातून केसासारखी काच सुटत जाते, दहा ते वीस किलोमीटर. रीळ फिरत नाही. पतंगाच्या चक्रीसारखी ती फिरली तर झटक्याने तार तुटेल. इथे तार रिळाच्या टोकावरून नुसती उलगडत निघते. जॅमरचा काही उपयोग नाही, आणि जमिनीला टेकेपर्यंत चित्र स्वच्छ. पण दहा किलोमीटरचं रीळ किलोभराच्या पुढे जातं, तेवढं स्फोटक कमी. झाडांच्या ओळीत तार अडकते, घट्ट वळण घेतलं की तुटते, मागे फिरलात तर स्वतःच्याच पंख्यात गुंतते. रशियाच्या कुर्स्कमध्ये, जिथे युक्रेन आत घुसला होता, सुद्झाकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर रशियाने हेच फायबरवाले ड्रोन बसवले, युक्रेनचा पुरवठा आवळला, आणि मार्च २०२५ मध्ये युक्रेनला तिथून निघावं लागलं. तिथे ड्रोनने रस्ता बंद केला. टँकच्या झाकणात घुसण्यापेक्षा हे काम मोठं आहे.

वेळेचा हिशोबही लावा. २० किलोमीटरवर गोळा मिनिटभरात पोचतो. ताशी ९० च्या वेगाने ड्रोनला तेरा मिनिटं लागतात, तोवर ट्रक झाडीत गेलेला असतो. उलट गोळा विनामार्गदर्शन, तो त्या पल्ल्यावर पाऊणशे-शंभर मीटर इकडेतिकडे पडू शकतो. म्हणून वरचा टेहळणी ड्रोन पहिला गोळा कुठे पडला ते दाखवतो, दुसऱ्या-तिसऱ्याला सुधारणा होते. पूर्वी ज्या कामाला चाळीस-पन्नास गोळे जायचे ते आता मोजक्यांत होतं. ड्रोनने गोळ्याचं गणित बदललं, ते असं.

बरं, शहाणे गोळेही फसले. जीपीएसवर चालणारा एक्सकॅलिबर सुरुवातीला जिथे सांगाल तिथे पडायचा. रशियाने जीपीएस जॅम करायला सुरुवात केल्यावर तो इतका भरकटू लागला की युक्रेनने त्याचा वापर जवळजवळ सोडला. आपणही हाच गोळा एम-७७७ तोफेसाठी घेतलेला आहे, हे लक्षात असू द्या.

संत्रानगरी_०७१२

@वाडीवाला मानलं जी. एक शंका. प्रोपेलंटचा तुटवडा कापसामुळे आहे असं कुठेतरी वाचलं. कापूस तर आपल्या घरचा! मग अडते कुठं?

सरकी_ढेप

कापसात अडत नाही, सरकीत अडते. नीट सांगतो.

तोफेचं प्रोपेलंट मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. ते लाकडाच्या लगद्यापासूनही होतं, पण चांगला माल लागतो लिंटरचा. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते तीच लिंटर. युरोपचे बारूदवाले बराचसा लिंटर चीनमधून घेत होते, युद्धात तेच त्यांना बोचलं.

कच्चा हिशोब करू. पूर्ण पल्ल्याच्या १५५ मिमी चार्जला दहा-बारा किलो प्रोपेलंट. लाख चार्ज म्हणजे १२०० टनांपर्यंत. एक किलो शुद्ध सेल्युलोजचं साधारण दीड किलो नायट्रोसेल्युलोज होतं, म्हणजे शुद्ध माल आठशे टन, कच्चा लिंटर हजार टन धरा. सरकीच्या वजनावर सहा टक्के लिंटर पकडला तर सतरा हजार टन सरकी. क्विंटलभर कापसात ३३-३५ किलो रुई आणि ६३-६५ किलो सरकी, म्हणजे हिशोब येतो २६-२७ हजार टन कापसावर. विदर्भात एका हंगामात येणाऱ्या कापसापुढे हे किती, ते हिंगणघाट-वणीच्या जिनिंगवाल्याला विचारा.

मग घोडं कुठे अडतं? आपल्याकडची बहुतेक सरकी लव न काढताच घाण्यात जाते. तेल निघालं, लव ढेपीत गेली, ढेप म्हशीने खाल्ली. दाताळ्या करवतींचं डीलिंटिंग यंत्र बसवायचं तर भांडवल लागतं, वीज लागते, दात वारंवार धारेला काढावे लागतात, आणि लिंटरला बांधलेलं गिऱ्हाईक नसेल तर मिलवाला कशाला भानगडीत पडेल? अमरावती रोडवर सिरकॉटचं (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, सरकीची शास्त्रीय प्रक्रिया हा त्यांचा जुना आग्रह. पटलंय सगळ्यांना, करणारे थोडे.

बरं लिंटर निघाला तरी दोन फेऱ्यांचा असतो. पहिल्या फेरीचा लांब तंतू गादी-कापसाला जातो. रसायनाला दुसऱ्या फेरीचा आखूड. त्यात सरकीचं टरफल, माती, यंत्राचा लोखंडी कीस आला की पुढे शुद्ध होताना त्रास. कॉस्टिकमध्ये दाबाखाली शिजवून, ब्लीच करून सेल्युलोज ९८ टक्क्यांच्या वर न्यावं लागतं. नायट्रेशननंतरची धुलाई सगळ्यात चिवट. आम्लाचा अंश आत राहिला तर माल साठ्यात स्वतःहून विघटित होत जातो, तापतो. म्हणून उकळून उकळून धुतात, दिवस मोडतात, आणि शेवटी स्टॅबिलायझर घालतात जो उरलंसुरलं आम्ल खात राहतो. हा स्टॅबिलायझर वर्षांनुवर्षं संपत जातो, आणि उष्णतेत भराभर संपतो. आपल्याकडचा ४५-४६ अंशांचा मे महिना माहीतच आहे. मातीखालची कोठारं, सावली, हवा, दरवर्षी नमुने काढून तपासणी, हे सगळं त्यासाठीच. नमुना नापास झाला की तो लॉट बाहेर, कितीही चकाचक दिसो.

आणखी एक. प्रोपेलंट तापलं तर गोळ्याचा वेग वाढतो. फायरिंग टेबल २१ अंशांवर बांधलेली असतात. दुपारी उन्हात पडलेल्या चार्जने मारलं तर गोळा लक्ष्याच्या पुढे जातो. म्हणून चार्जचं तापमान मोजून ते गणितात घालतात, आणि चार्ज ताडपत्रीखाली ठेवतात. साधी ताडपत्री!

नकाशेवाला

लेथवाल्या भाऊंशी एका ठिकाणी मतभेद. तुमच्या सगळ्या हिशोबात गोळा पडला की काम झालं असं गृहीत आहे. २०२३ ला युक्रेनकडे त्यातल्या त्यात बरा साठा होता, तरी झापोरिझ्झियात रोबोतिनेच्या पुढे मुसंडी थांबली. सुरुंगांची शेतं शेकडो मीटर खोल, ती मोकळी करायला रॉकेटने फेकायची साखळी एका वेळी शंभर मीटरची वाट करते, आणि आठ-दहा किलोमीटरवरून रशियाचं का-५२ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्र सोडून सुरुंगात अडकलेली पहिली गाडी फोडायचं. पहिली गाडी फुटली की मागची रांग तिथेच उभी. तिथे गोळे आणखी असते तर मदत झाली असती, तिढा सुटला नसता.

पुढे काय होणार, यावर माझं मत: मोठी मुसंडी कोणाकडूनच नाही. माणसं-गाड्या एकत्र करा की वरून दिसतात, आणि दिसलं की अर्ध्या तासात मार. म्हणून रशिया दोन-तीन जणांच्या टोळ्या, कधी मोटरसायकलवर, पुढे सारतो. फेब्रुवारी २०२४ ला अवदिइव्का, ऑक्टोबरात वुहलेदार, असं एकेक गाव पडत गेलं. पुढे क्रामातोर्स्क-स्लोव्हियान्स्कचा शहरी पट्टा आहे, तो असल्या टोळ्यांनी झटपट पडायचा नाही. युक्रेनची दुखती नस माणसं आहे. एप्रिल २०२४ मध्ये भरतीचं वय २७ वरून २५ केलं, तरी खंदकातली रांग विरळच. ड्रोनचा पडदा त्या विरळ रांगेला तोलून धरतो. धुकं आलं, ड्रोनवाली टोळी हलली, की भोक पडतं.

कोंडी कायमची मात्र समजू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये खारकीव्हजवळ आणि ६ ऑगस्ट २०२४ ला कुर्स्कमध्ये युक्रेन सरळ आत घुसला. दोन्ही ठिकाणी समोरची रांग पातळ होती आणि बातमी फुटली नव्हती.

आता लडाख. ४५०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ६३ टक्के. तोच पंखा, तीच मोटर, पण उचल त्याच प्रमाणात कमी. पोकरोव्स्कला दोन किलो उचलणारा ड्रोन तिथे तेवढं उचलायला धापा टाकेल. लांब पंखे, हळू मोटर, जास्त बॅटरी, म्हणजे वेगळंच यंत्र. शिवाय डोंगराची धार मधे आली की रेडिओ मेला. फायबर वाऱ्याने कड्यावर घासून तुटेल. तोफगोळ्याचं उलटं. विरळ हवेत अडथळा कमी, पल्ला वाढतो. कारगिलमध्ये बोफोर्सला याचा फायदा झाला, आणि त्या लढाईत आपण सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब, रॉकेटं उडवली. अडीच महिन्यांत. एवढ्याशा पट्ट्यात! म्हणून कॅगने २०१५ च्या अहवालात कित्येक प्रकारचा दारूगोळा दहा दिवसांचाही नाही म्हटलं तेव्हा पोटात गोळा आला होता.

बाजारगावच्या सोलर कंपनीचं नागास्त्र-१ बघा, लक्ष्यावर आदळणारा ड्रोन, नऊ किलोचं, किलोभर स्फोटक, अर्धा तास हवेत, लक्ष्य नाही सापडलं तर पॅराशूटने परत. ते पंखवालं विमान आहे, चार पंख्यांचं नाही. विरळ हवेत पंखवाल्याचं गणित चतुष्पंख्यापेक्षा सुसह्य. सैन्याने ४८० घेतली ती काही हौसेने नाही.

लेथ_हिंगणा

@नकाशेवाला सुरुंगांचं मान्य. माझा हिशोब बचावाचा होता, हल्ल्याचा नाही.

तोफांबद्दल मात्र एक सांगायला हवं, कारण इथे सगळे ट्रकवर बसवलेल्या तोफांच्या मागे लागतात. मारा आणि पळा, हे जुनं शहाणपण शत्रूच्या रडारसाठी होतं. आता पळणारी गाडी वरून आधी दिसते. रशियाचे लान्सेटसारखे ड्रोन चाळीस किलोमीटर आतही येतात. युक्रेनमध्ये खड्ड्यात बसवलेली, वर जाळी आणि फांद्या घातलेली ओढतोफ, जी दिवसात मोजकेच गोळे मारते आणि हलत नाही, ती पुष्कळ टिकली. मार्च २०२५ ला आपण ३०७ अटॅग्स तोफांचा करार केला, त्या ओढायच्या आहेत. त्याला मागास म्हणणाऱ्यांनी हे बघावं. जाळीचं भोक ड्रोनच्या पंख्याहून लहान पाहिजे आणि तोफेपासून दीड-दोन मीटर लांब ताणलेली, नाहीतर मुंडकं जाळीवर फुटलं तरी त्याचा झोत तोफेला लागतो.

संत्रानगरी_०७१२

शेवटचं विचारतो. १५५ म्हणजे १५५, मग एका देशाचा गोळा दुसऱ्याच्या तोफेत सरळ चालतो ना?

लेथ_हिंगणा

नळीत बसतो, पण सरळ चालत नाही. ३९ कॅलिबरच्या (नळीची लांबी तोंडाच्या व्यासाच्या ३९ पट) तोफेची चार्जची खोली साधारण १८ लिटरची, ५२ कॅलिबरची सहसा २३ लिटरची. मोठ्या खोलीसाठी बनलेला पूर्ण चार्ज लहान खोलीत घातला तर दाब मर्यादेबाहेर. युक्रेनला डझनभर देशांचे गोळे आले, प्रत्येकाचं वजन, आकार, बुडाचा कोन थोडा वेगळा. ज्या जोडीचं फायरिंग टेबल संगणकात नव्हतं, तिथे तोफखान्याने चाचणीचे गोळे मारून कागदावर आकडे बांधले. आपल्याकडे बोफोर्स ३९, धनुष ४५, वज्र आणि अटॅग्स ५२, शिवाय १३० मिमीच्या तोफेला १५५ ची नवी नळी बसवून केलेली सारंग ४५. पुलगावातून गाडी निघताना लॉट, वजनाचा चौकोनी शिक्का आणि चार्जचा प्रकार एकाच कागदावर असला पाहिजे. गोळ्यावरचे ते छोटे चौकोन वजनाचे असतात, एक चौकोन इकडेतिकडे झाला तर पल्ला सरकतो. तोफेवरचा माणूस ते आधी बघतो, मग गोळा उचलतो.